जुनी मोटारसायकल आणि नवी : दुरुस्तीच्या अधिकाराचा इतिहास

१

जुनी मोटारसायकल बाळगावी की नवी घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातील आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे असे त्यात काही नाही, असे कोणासही वाटेल. परंतु या प्रश्नास जी उत्तरे सामान्यतः दिली जातात ती तपासू लागले म्हणजे त्यांतील एक चमत्कारिक विसंगती ध्यानात येते. जुन्या गाडीचा कैवारी म्हणतो की, ती वाटेत बंद पडली तरी वाटेतच चालू करता येते. नव्या गाडीचा पुरस्कर्ता म्हणतो की, ती मुळात बंदच पडत नाही. दोन्ही विधाने बहुतांशी खरी आहेत. ती एकमेकांना खोडीत नाहीत, कारण ती एकाच गोष्टीविषयी नाहीतच. पहिले विधान दुरुस्तीविषयी आहे, दुसरे बिघाडाविषयी.

या घोटाळ्याचे मूळ 'टिकाऊ' या शब्दाच्या सैल वापरात आहे. टिकाऊपणा हा जणू धातूचा अंगभूत गुण आहे, जुन्या काळचे लोखंड जाड होते म्हणून गाड्या टिकल्या, अशी समजूत रूढ आहे. ती पूर्णतः चूक नाही. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. जाड लोखंडाच्या कित्येक गाड्या भंगारात गेल्या आणि त्यांच्याच बरोबरीच्या काही आजही रस्त्यावर आहेत. कोणती गाडी टिकली, हे तिच्या धातूइतकेच तिच्याभोवती जमलेल्या ज्ञानावर, सुट्या भागांच्या पुरवठ्यावर आणि ते ज्ञान ज्या भाषेत वावरत होते तिच्यावर अवलंबून राहिले. जुन्या आणि नव्या मोटारसायकलींतील खरा भेद वयाचा नसून, दुरुस्तीचे ज्ञान व अधिकार कोणाच्या हाती आहे याचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

त्यासाठी 'बुलेट' या गाडीचे उदाहरण विशेष सोयीचे आहे. एकाच नावाने, एकाच देशात, १९५५ पासून आजतागायत तयार होत आलेली दुसरी मोटारसायकल दाखविणे कठीण. नाव तेच राहून आतील यंत्र बदलत गेल्यामुळे जुन्या-नव्याची तुलना येथे जितकी नेमकी करता येते, तितकी ती अन्यत्र करता येत नाही.

२

इंग्लंडमधील रेडिच या गावच्या एनफील्ड सायकल कंपनीने मोटारसायकली बांधण्यास विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सुरुवात केली. 'बुलेट' हे नाव तिने १९३० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत योजिले. तथापि भारतीय रस्त्यांवर जी बुलेट परिचित झाली तिचा आराखडा १९४८-४९ मधील आहे. ३४६ घन सेंटिमीटरचे एकनळी इंजिन, ७० मि.मी. व्यासाचा सिलिंडर आणि पिस्टनची ९० मि.मी. लांबीची ये-जा, ही तिची मुख्य मापे. व्यासाहून ये-जा बरीच अधिक असल्यामुळे हे इंजिन सावकाश फिरते, कमी वेगातही जोराने ओढते आणि प्रत्येक स्फोट कानाला वेगळा ऐकू येतो.

स्वातंत्र्यानंतर सीमेवरील गस्तीसाठी भारतीय सैन्यास दणकट मोटारसायकली हव्या होत्या व त्यासाठी बुलेटची निवड झाली. त्याच सुमारास परदेशी वाहने केवळ जोडून विकणाऱ्या कंपन्यांपेक्षा ती येथे घडविणाऱ्यांना प्रोत्साहन देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले होते. या दोन्ही गोष्टींचा परिणाम म्हणून १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांच्या भागीदारीतून एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली व मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथे तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी भाग इंग्लंडहून येत व येथे जोडले जात. १९६०च्या दशकाच्या प्रारंभीच्या वर्षांत ते येथेच तयार होऊ लागले. मूळ इंग्रज कंपनीचे रेडिच येथील काम १९६७ मध्ये थांबले आणि १९७० पर्यंत ब्रिटनमधील तिचे उत्पादन संपुष्टात आले. शाखेने मुळाच्या मागे उरावे, असा हा प्रकार होता. १९७७ पासून तर मद्रासमध्ये बांधलेली बुलेट ब्रिटनमध्येच निर्यात होऊ लागली.

इतर दोन कारखान्यांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. म्हैसूर येथे १९६० साली स्थापन झालेल्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियातील जावा गाडी भारतात बांधली व पुढे तीच 'येझदी' या नावाने विकली. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ च्या सुमारास पोलंडमधील नमुन्यावरून 'राजदूत' ही १७३ घन सेंटिमीटरची गाडी आणली. खेडोपाडी दूध वाहणाऱ्यांची व शेतकऱ्यांची गाडी म्हणून ती ओळखली गेली.

परवाना-पद्धतीच्या त्या काळात स्पर्धा थोडी आणि मागणी मोठी असल्याने नमुना बदलण्याची निकड कारखानदारास भासत नव्हती. ग्राहकाच्या दृष्टीने ही स्थिती अन्यायाचीच होती. एकदा पैसे भरले की गाडीसाठी वाट पाहत राहावे लागे. मात्र तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. बुलेटचा मूळ आराखडा अर्धशतकाहून अधिक काळ बव्हंशी तोच राहिल्याने एका दशकातील गाडीचे पुष्कळसे भाग पुढच्या दशकातील गाडीस बसत. एका पिढीतील मिस्त्री जे शिकला ते पुढच्या पिढीतील मिस्त्रीस निरुपयोगी झाले नाही. जुनी बुलेट टिकली याचे एक मोठे कारण असे की, ती बराच काळ जुनी झालीच नव्हती. तिचे भाग नवेच तयार होत होते. याउलट १९८३ मध्ये आलेली, जपानी आराखड्याची, दोन नळ्यांची 'राजदूत ३५०' पाहावी. वेगाने ती सर्वांच्या पुढे होती. परंतु किंमत अधिक, पेट्रोलचा खप मोठा, म्हणून तिचे उत्पादन काही वर्षांतच थांबले. आज तिचे चाहते पुष्कळ आहेत, पण तिचे भाग दुर्मिळ व महाग आहेत. वयाने धाकटी असूनही बाळगावयास ती बुलेटपेक्षा अवघड आहे. टिकाऊपणा केवळ धातूचा गुण असता तर असे झाले नसते.

३

जुन्या बुलेटच्या इंजिनाची रचना हा तिच्याभोवतीच्या ज्ञानव्यवस्थेचा पाया होय. सिलिंडर बिडाचा असल्यामुळे हे इंजिन आज सर्वत्र 'कास्ट आयर्न' या नावाने ओळखले जाते. गिअरची पेटी इंजिनाहून वेगळी असून मागील बाजूस बोल्टांनी जोडलेली. त्यामुळे एकाचा बिघाड दुसऱ्यास न उघडता पाहता येतो. ठिणगी पाडण्यासाठी पॉइंट व कंडेन्सर. इंधन व हवा यांच्या मिश्रणासाठी कार्ब्युरेटर. यांतील प्रत्येक भाग डोळ्यांस दिसणारा, हातास लागणारा आणि साध्या पान्यांनी सुटणारा आहे.

ही गाडी चालू करणे हीदेखील एक शिकावयाची विद्या होती. हेडलाइटच्या खोबणीवर ॲमीटर असतो. किक हळूहळू दाबत नेली म्हणजे त्याचा काटा एका बाजूस झुकतो आणि पिस्टन दाबाच्या टोकाशी आला की पुन्हा मध्यावर येतो. तेथे थांबावयाचे, डिकॉम्प्रेसरची लहान मूठ ओढून किक किंचित पुढे न्यावयाची, मूठ सोडावयाची आणि मग पूर्ण किक मारावयाची. ज्यास हा क्रम कळला तो सडपातळ मनुष्यही गाडी सहज चालू करी. ज्यास कळला नाही त्याच्या पोटरीवर किकचा उलटा तडाखा बसे. शक्तीपेक्षा क्रमाचे ज्ञान येथे मोलाचे होते. काटा मध्यावर का येतो, याचे उत्तर पॉइंट उघडण्याच्या क्षणात आहे. ते ज्याने एकदा समजून घेतले, त्यास गाडीच्या ठिणगीची सारी व्यवस्था निम्मी समजली.

टॅपेट लावणे हे काम त्याहून बोलके आहे. इंजिन थंड असताना, पिस्टन दाबाच्या टोकाशी आणून, उजव्या अंगाचे झाकण काढून आतील दांडी दोन बोटांनी फिरवून पाहावयाची. ती मोकळी फिरली पाहिजे, परंतु वरखाली हलता कामा नये. या मापास आकडा नाही. बोटांची जाण हेच माप. पॉइंटमधील अंतरास मात्र आकडा आहे, ०.३५ ते ०.४० मि.मी.; परंतु तेही पत्र्याच्या पातळ पट्टीने, नजरेने आणि सरावाने ठरविणारे मिस्त्री पुष्कळ होते. पुस्तकातील माप आणि हाताचे माप यांत फारसा फरक पडत नसे, ही त्या सरावाची कसोटी.

'मिस्त्री' हा शब्दच या ठिकाणी लक्ष देण्याजोगा आहे. तो पोर्तुगीज 'मेस्त्रे' या शब्दापासून आला असे मानले जाते, आणि त्या शब्दाचा अर्थ गुरू, उस्ताद असा आहे. सुतार, गवंडी, इंजिनदुरुस्ती करणारा, या सर्वांस मराठीने तो दिला. महाराष्ट्रात मोटारसायकलीच्या मिस्त्रीस एक पूर्वपरंपराही लाभली होती. शेतावरील ऑइल इंजिने, पिठाच्या गिरण्या, उसाचे चरक यांची दुरुस्ती करणारे कारागीर येथे तालुक्याच्या गावी आधीपासून होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वस्तीत ओतकाम व लेथ जवळजवळ असल्याने एखादा भाग न मिळाल्यास तो घडवून घेता येई. एकनळी इंजिनाचे तत्त्व विहिरीवर आणि मोटारसायकलीत सारखेच. हात एकदा बसला की तो दोन्हीकडे चाले.

या कारागिरांनी एक भाषा घडविली. तिच्यातील नामे बहुतेक इंग्रजी आहेत, क्रियापदे मात्र मराठी. आणि ज्ञान त्या क्रियापदांत साठले आहे. टायमिंग 'लावतात', पॉइंट 'घासतात', रिंगा 'टाकतात', बुश 'ठोकतात', चेन 'ताणतात', इंजिन 'खोलतात' आणि पुन्हा 'बांधतात'. यांपैकी प्रत्येक क्रियापद हाताच्या एका विशिष्ट हालचालीचे नाव आहे. बिघाडाचे वर्णन करताना तर गाडीच वाक्याची कर्ती होते. ती ऑइल 'खाते', पेट्रोल 'पिते', चढावर 'ओढत नाही', कार्ब्युरेटरमध्ये 'कचरा येतो', आणि अखेर ती 'काम काढते'. 'गाडीचे काम निघाले' या तीन शब्दांत पिस्टन, रिंगा व बोअर यांचा मोठा खर्च आला, हे मालकास न सांगता कळते. नवे इंजिन काही शे किलोमीटर हळू चालविल्यावर 'मोकळे होते'. ही सारी वर्णने लक्षणांची आहेत. म्हणजे ती कान, नाक, बोटे आणि डोळे यांनी ओळखलेल्या गोष्टींची आहेत. मालक आणि मिस्त्री दोघेही ही भाषा बोलत. गॅरेजमध्ये मालक बाकड्यावर बसून राही, पाहत राही, मध्येच पान्याला हात लावी. आणि पुढच्या खेपेस निम्मे काम घरीच करी.

मोटारसायकलीचे मराठीतील जुने घरगुती नाव 'फटफटी' हेही याच जातीचे आहे. यंत्रास त्याच्या आवाजावरून नाव दिले गेले, कारण आवाज हीच त्याची ओळख आणि प्रकृतीची खूण होती. नव्या गाड्यांचा आवाज शमला तसा हा शब्दही मागे पडला आणि 'गाडी' हे सर्वसामान्य नाव उरले.

४

या व्यवस्थेस पहिला धक्का १९८०च्या दशकाच्या मध्यास बसला. परदेशी सहकार्यास परवानगी मिळाल्यावर जपानी कंपन्यांच्या भागीदारीतून १०० घन सेंटिमीटरच्या गाड्या एकापाठोपाठ आल्या : १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडाची सी. डी. १०० आणि यामाहाची आर. एक्स. १००, १९८६ मध्ये कावासाकी-बजाज. यांपैकी सी. डी. १०० ही चार-स्ट्रोक होती, आणि तिचे सामर्थ्य वेगात नसून पेट्रोलच्या बचतीत होते. मराठीत 'ॲव्हरेज' हा शब्द गाडीचा पहिला गुण म्हणून विचारला जाऊ लागला तो याच काळात रूढ झाला असे म्हणावयास हरकत नाही.

या गाड्यांनी मालकाकडून केलेली अपेक्षा निराळी होती. पेट्रोल भरावे, ठरलेल्या अंतरावर ऑइल बदलावे आणि बाकीचे विसरून जावे. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत विनामूल्य सर्व्हिसिंगची कुपने असत. ती कंपनीच्या अधिकृत केंद्रातच चालत. बाहेर हात लावल्यास हमी संपे. दुरुस्तीचा अधिकार गॅरेजकडून केंद्राकडे सरकण्याचा हा आरंभ होता. तरीही या गाड्या उघडता येण्याजोग्याच होत्या. थोड्याच वर्षांत तालुक्याच्या मिस्त्रीने त्याही आत्मसात केल्या आणि त्यांचे भाग प्रत्येक गल्लीत मिळू लागले. अधिकार सरकला, ज्ञान मात्र अद्याप बंद झाले नव्हते.

दुसरा धक्का हवेच्या प्रदूषणावरील निर्बंधांचा होता. २००० सालापासून धुराचे निकष कडक होत गेले आणि पेट्रोलात ऑइल मिसळून चालणाऱ्या दोन-स्ट्रोक मोटारसायकली क्रमाने नाहीशा झाल्या. बुलेटच्या बिडाच्या इंजिनासही हे निकष झेपणारे नव्हते. एनफील्ड इंडिया कंपनी १९९४ मध्ये आयशर समूहात विलीन झाली होती व तिचे नाव रॉयल एनफील्ड असे झाले होते. या कंपनीने २००८ पासून इंजिन व गिअरपेटी एकाच आवरणात असलेले ॲल्युमिनियमचे इंजिन वापरात आणले आणि २०१०च्या सुमारास बिडाचे इंजिन थांबविले. नव्या इंजिनात टॅपेट तेलाच्या दाबाने आपोआप जुळत. बोटांनी दांडी फिरवून पाहण्याचे कामच उरले नाही. गिअरचा दांडा उजव्या पायाकडून डाव्या पायाकडे आणण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते, तेही आता पूर्ण झाले. जगभर रूढ झालेल्या पद्धतीशी ते सुसंगत होते. परंतु ज्यांचे पाय जुन्या सवयीचे होते, त्यांना गिअर व ब्रेक यांची अदलाबदल नव्याने शिकावी लागली.

१ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज-६ निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटर रस्त्यावरील नव्या मोटारसायकलींतून जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी विद्युत्-नियंत्रित इंधनफवारा, धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर आणि या सर्वांचा हिशेब ठेवणारा एक लहान संगणक आला. बुलेटच्याच कुळातील ३४९ घन सेंटिमीटरचे नवे इंजिन २०२० च्या अखेरीस आले. त्याचा व्यास ७२ मि.मी. आणि ये-जा ८५.८ मि.मी. आहे. जुन्या इंजिनाची शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती होती, नव्याची सुमारे २०. म्हणजे सत्तर वर्षांत शक्तीत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो कंप, धूर, ब्रेक आणि विश्वासार्हता यांत. आणि यंत्राच्या आत पाहण्याच्या अधिकारात.

५

आता गॅरेजमधील भाषा ऐकू गेल्यास तिच्यात झालेला पालट लक्षात येतो. 'सेन्सर गेला', 'कोड आला', 'स्कॅन करावा लागेल', 'पार्ट बदलावा लागेल'. लावणे, घासणे, ठोकणे, बांधणे या क्रियापदांची जागा एकट्या 'बदलणे' या क्रियापदाने घेतली आहे. बिघाडाचे निदान कानाने होत नाही, पडद्यावरील आकड्याने होते. आणि तो आकडा वाचण्याचे साधन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे अधिकार आहे. मालक आता बाकड्यावर बसत नाही. काचेपलीकडील कक्षात तो प्रतीक्षा करतो व त्यास छापील बिल मिळते.

या बदलाकडे केवळ हानी म्हणून पाहणे मात्र अन्यायाचे होईल. जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिचे मूल्य कोणी दिले, हे विसरले जाते. मिस्त्रीची विद्या पुष्कळदा शाळा सुटलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोऱ्याच्या अंगावर घडे. रॉकेलमध्ये भाग धूत, शिव्या खात, विनावेतन वा नाममात्र वेतनावर तो शिके. ज्यांना शिकविले गेले नाही, त्यांची तर गणतीच नाही. गॅरेज ही पुरुषांची जागा होती आणि किक मारण्याची विद्या स्त्रियांपर्यंत क्वचित पोचली. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडा या विनागिअर, कळ दाबून चालू होणाऱ्या स्कूटरने शहरांतील अनेक स्त्रियांना प्रथमच स्वतःचे वाहन दिले. तिने ज्ञानाची अटच काढून टाकली होती, आणि ज्यांना ते ज्ञान नाकारले गेले होते त्यांच्यासाठी ती अट निघणे ही मुक्तीच होती.

सुरक्षिततेचा हिशेबही मांडला पाहिजे. १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या मोटारसायकलींस चाक घसरू न देणारी ब्रेकव्यवस्था १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. ओल्या रस्त्यावर जुन्या ड्रम-ब्रेकची गाडी आणि ही गाडी यांतील अंतर हे आवडीनिवडीचे नसून जीवितरक्षणाचे आहे. धुराच्या बाबतीतही तेच. जुन्या इंजिनाच्या आवाजावर कोणी कितीही प्रेम केले, तरी त्याचा धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातो.

असे असूनही जे गेले ते गेलेच. नव्या गाडीचा बिघाड क्वचित होतो, पण झाला की तो मालकाच्या आकलनाबाहेरचा असतो. एखाद्या नियंत्रक पेटीचे उत्पादन थांबल्यास तिच्यावाचून सारी गाडी निरुपयोगी होते, आणि ती पेटी लेथवर घडविता येत नाही. बिडाचा सिलिंडर झिजल्यास बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालता येतो. संगणकास बोअर करता येत नाही. आजच्या नव्या गाड्या पन्नास वर्षांनंतर कशा चालू ठेवल्या जातील, हा प्रश्न म्हणूनच धातूचा नाही. त्यांचे अंतर्गत ज्ञान कोणास उपलब्ध असेल, याचा तो आहे.

६

कायद्याने या प्रश्नाची दखल दोन दिशांनी घेतली आहे. पहिली दिशा जतनाची. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमानुसार खाजगी मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. नंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढविता येते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी 'व्हिन्टेज' हा स्वतंत्र वर्ग केला; त्याच्या नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व नूतनीकरणाचे ५,००० रुपये ठरले. अशा वाहनास नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर येता येत नाही; प्रदर्शन, फेरी, देखभाल अशा प्रसंगीच ते बाहेर काढावयाचे. या नियमातून एक मार्मिक भेद निर्माण झाला आहे. जी जुनी गाडी काम करीत नाही तिला वारशाची प्रतिष्ठा मिळते. तीस वर्षे दूध वाहणारी राजदूत मात्र केवळ एक कालबाह्य वाहन ठरते. वस्तू जतन होते, वापर जतन होत नाही; आणि दुरुस्तीचे ज्ञान तर वापरातच जगते.

दुसरी दिशा दुरुस्तीच्या हक्काची. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांस सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांस न पुरविल्याबद्दल सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाच्या रकमेबाबत पुढे अपिले झाली, पण तत्त्व मांडले गेले. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व विद्युत् उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू यांबरोबर वाहनांचाही तिच्या कक्षेत समावेश झाला. गॅरेजच्या बाकड्यावर जो हक्क कोणी मागितला नव्हता, कारण तो सहज मिळत होता, तो आता कायद्याच्या भाषेत मागावा लागत आहे.

या पार्श्वभूमीवर निवडीचा प्रश्न पुन्हा पाहिला असता त्याचे स्वरूप पालटते. जुनी मोटारसायकल घेणाऱ्याने प्रथम गाडी पाहू नये, मिस्त्री पाहावा. तिचे काम जाणणारा हात चालत जाण्याच्या अंतरावर आहे काय, तिचे भाग अद्याप तयार होतात काय, आणि आठवड्यातील काही तास तिच्यासाठी देण्याची स्वतःची तयारी आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर जुनी गाडी सुखाची ठरते. एकाचे जरी उत्तर नकारार्थी आले तरी ती पत्र्याच्या शेडमधील शोभेची वस्तू होते. नवी गाडी घेणाऱ्यानेही तितकेच प्रश्न विचारावयास हवेत : तिच्या दुरुस्तीची पुस्तिका मिळते काय, तिचे निदान कंपनीबाहेर कोणास करता येते काय, आणि तिचे भाग किती वर्षे पुरविण्याचे आश्वासन आहे. पहिल्या प्रकारचे प्रश्न ग्राहक परंपरेने विचारीत आला आहे; दुसऱ्या प्रकारचे तो अद्याप विचारू लागलेला नाही. नवी गाडी उद्याची जुनी गाडी होऊ शकेल की नाही, हे या दुसऱ्या प्रश्नांवरच ठरावयाचे आहे.

राहिला प्रश्न अभ्यासकांचा. बिडाच्या इंजिनाची विद्या ज्यांनी गॅरेजमध्ये आत्मसात केली ते मिस्त्री आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या हाताखाली नवे पोरगे नाही, आणि पूर्वीच्या रीतीने ते असूही नये. त्यांची विद्या कोणत्याही पुस्तिकेत नाही, कारण कारखान्याची पुस्तिका नवे इंजिन कसे असावे ते सांगते, झिजलेले इंजिन कसे चालवून घ्यावे हे सांगत नाही. सुतार, लोहार, कुंभार यांच्या शब्दसंग्रहाचे संकलन मराठीत झाले आहे; यंत्रयुगातील कारागिरांच्या बोलीकडे मात्र ती इंग्रजी शब्दांनी भरलेली आहे या सबबीवर दुर्लक्ष झाले. तिच्यातील नामे परकी आहेत हे खरे. परंतु क्रियापदे, लक्षणे आणि निदानाची रीत येथील आहे. तालुक्यागणिक दोन-तीन वृद्ध मिस्त्र्यांशी बोलून, काम चालू असताना, प्रत्येक क्रियापद कोणत्या हालचालीस लावले जाते हे टिपून घेतले, तर एका पिढीच्या तांत्रिक ज्ञानाचा कोश हाती येईल. यंत्रे संग्रहालयात ठेवता येतात. ती कशी खोलावी आणि कशी बांधावी हे सांगणारा मात्र तेथे ठेवता येत नाही. त्याचे म्हणणे तो असतानाच लिहून घ्यावे लागते.